'हाय फायबर' पाकीट, इसबगोलचा डबा आणि मलतपासणीची बाटली : आतड्याच्या कॅन्सरच्या धास्तीने केलेली खरेदी कितपत कामाची?

नात्यात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की घरच्या वाणसामानाची यादी बदलते. नेहमीच्या कणकेच्या जागी मल्टिग्रेन आटा येतो, चहाबरोबर डायजेस्टिव्ह बिस्किटं येतात, केमिस्टकडून इसबगोल येतं, 'पोट साफ' करणारं एखादं चूर्ण येतं आणि फ्रिजच्या दारात प्रोबायोटिकच्या इवल्या बाटल्या रांगेत उभ्या राहतात. या मालाची परीक्षा इथे दोनच प्रश्नांवर केली आहे. आतड्याच्या कॅन्सरचा धोका याने कमी होतो असं माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे का? आणि तेच काम करणारी स्वस्त वस्तू त्याच दुकानात, शेजारच्या पोत्यात पडली आहे का? कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत. पाकिटाची मागची बाजू वाचता आली की पुढच्या बाजूवरचं नाव कुठलंही असलं तरी फरक पडत नाही.

आधी मोजपट्टी. आपल्याकडे ज्याला चोथा म्हणतात ते तंतुमय पदार्थ लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचले की तिथले जीवाणू त्यांना आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. शिवाय चोथ्यामुळे मल फुगतो, लवकर पुढे सरकतो, आणि त्यातली त्रासदायक द्रव्यं अस्तराला चिकटून राहण्याचा वेळ कमी होतो. युगांडात काम केलेला आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट याने १९७०च्या दशकात ही कल्पना लोकांपुढे ठामपणे मांडली. त्यानंतर बरंच संशोधन झालं आणि २०१८मध्ये वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाने त्याचा ताळेबंद काढला. शारीरिक हालचालीमुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, याचा पुरावा 'पक्का'. अखंड धान्यं, चोथा असलेलं अन्न आणि दुधाचे पदार्थ यांचा फायदा 'बहुधा'. उलट्या बाजूला प्रक्रिया केलेलं मांस, दारू आणि लठ्ठपणा यांचा तोटा 'पक्का', तर लाल मांसाचा 'बहुधा'. अखंड धान्याचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: रोज ९० ग्रॅममागे धोका साधारण १७ टक्क्यांनी कमी. मात्र हे सापेक्ष टक्के आहेत आणि मुळात भारतात हा कॅन्सर युरोप-अमेरिकेच्या मानाने बराच कमी आढळतो. 'हे खा, कॅन्सर टाळा' असं कुणी पाकिटावर सुचवू लागला तर तिथेच त्याचे गुण कापावेत.

दिवसाला चोथा किती हवा? बैठं काम करणाऱ्या माणसाला २५ ते ३० ग्रॅम. हा आकडा डोक्यात ठेवूनच दुकानात शिरायचं.

मल्टिग्रेन आटा

पाकिटावर सात-आठ धान्यांची कणसं छापलेली असतात. पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, आणि ज्या घटकाचा गाजावाजा पुढच्या बाजूला केला आहे त्याची टक्केवारीही द्यावी लागते. अनेक ब्रँडांत पहिला घटक गहू निघतो, तोही नव्वदीच्या आसपास टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांत सोयाबीन, हरभरा, ओट्स, मका वगैरे मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात.

आता आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. ज्वारीत १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा, नाचणीत अकरा. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम पावणेतीन. म्हणजे गव्हाच्या अखंड कणकेत बाकीची धान्यं मिसळून चोथ्याची मोठी उडी होण्याची शक्यताच नाही, कारण सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या शेजारी आहेत. खरी उडी होते ती डाळी-कडधान्यांनी. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, अख्ख्या मुगात १७, हरभरा डाळीत १५.

गिरणीवाल्याकडे दळण टाकताना ५ किलो गव्हात अर्धा किलो अख्खे हरभरे घाला. पिठाचा चोथा ११वरून साडेबाराच्या आसपास जातो. बहुतेक महागड्या मल्टिग्रेन पाकिटांनाही याहून फार पुढे जाता येत नाही. हरभरे याहून जास्त घातले तर पोळी लाटताना कडा फाटतात, वाफ धरत नाही आणि घरातले लोक तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू करतात. पहिले आठ-दहा दिवस पोटात गॅस धरतो. म्हणून पहिल्या दळणात पाव किलोच घालावेत.

गिरणीच्या दळणाचा सगळा फायदा एका सवयीने वाया जातो. पोळी मऊ व्हावी म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळायचं आणि वरचा कोंडा टाकून द्यायचा, ही ती सवय. कोंडा टाकला की गव्हाचा निम्म्याहून अधिक चोथा त्याच्याबरोबर गेला. खडा-काडी काढायला जाड चाळणी पुरते. कोंडा ठेवलेलं पीठ पाणी जास्त पितं, तेव्हा कणीक जरा सैल भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवली की पोळी कडक होत नाही.

दुसरी अडचण टिकण्याची. अखंड धान्याच्या पिठात अंकुराचं तेल असतं आणि ते खवट होतं. बाजरीचं पीठ सगळ्यात आधी कडू पडतं. उन्हाळ्यात तर आठवडाभराचंच दळून आणावं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. मग घरात 'ज्वारी जमत नाही' असं ठरतं आणि पुन्हा मैद्याचा ब्रेड सुरू होतो. पाकिटबंद ज्वारीचं पीठ घ्यायचंच असेल तर दळल्याची तारीख बघून अर्ध्या किलोचं घ्या.

निकाल: मल्टिग्रेन आटा वाईट नाही. पण साध्या चक्की आट्यापेक्षा जे जास्तीचे पैसे मोजता, त्यांत आतड्यासाठी म्हणून काहीच मिळत नाही. 'मल्टिग्रेन' किंवा 'ब्राउन' ब्रेडबद्दल तर आणखी सावध राहा. पहिला घटक मैदा आणि खाली कुठेतरी रंग म्हणून आयएनएस १५० (आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या द्रव्याचा क्रमांक) लिहिलेलं असेल तर तो कॅरेमलने तपकिरी केलेला पांढरा ब्रेड आहे.

बिस्किटं

यांचा निकाल एका गणितात लागतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅम चोथा असला की 'फायबरचा स्रोत' असं लिहिता येतं आणि ६ ग्रॅम असला की 'भरपूर फायबर'. ६ ग्रॅमचा हा उंबरठा इतका ठेंगणा आहे की ज्वारीचं पोतं तो सहज ओलांडतं, फक्त पोत्यावर तसं छापलेलं नसतं. समजा १०० ग्रॅम बिस्किटांत ६ ग्रॅम चोथा आहे आणि एका बिस्किटाचं वजन ८ ग्रॅम आहे. मग चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली की २ ग्रॅमसुद्धा चोथा पोटात जात नाही. तेवढा २० ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे अर्ध्या भाकरीहून कमीत, मिळतो. बिस्किटाबरोबर मैदा, साखर आणि बहुतेक वेळा पामतेलही येतं, आणि वजन वाढणं हे या कॅन्सरचं 'पक्क्या' यादीतलं कारण. आतड्यासाठी म्हणून विकत घेतलेल्या वस्तूने कंबर वाढवावी, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. आवडतात म्हणून खायची तर खुशाल खावीत, औषध म्हणून नकोत.

इसबगोल

या डब्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण ही वस्तू खरोखर गुणी आहे आणि नेमकी चुकीच्या कामासाठी घेतली जाते.

इसबगोलचं पीक गुजरात-राजस्थानात होतं. डब्यात असते ती बियांवरची साल, म्हणजे भुसी. चोथ्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर. दोन लहान चमचे भुसी पेलाभर पाण्यात टाकून ढवळा: पहिल्या अर्ध्या मिनिटात ती तरंगते, मग दुधट होते आणि पाच मिनिटांत चमचा उभा राहील इतकी लापशी जमते. बद्धकोष्ठाला हा गुण उत्तम. मल ओला आणि मऊ राहतो, कुंथावं लागत नाही, मूळव्याधीचा त्रास कमी होतो. 'वाईट' कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं.

पण हा घट्ट होणारा गोळा आतड्यातले जीवाणू फारसे आंबवत नाहीत. डाळी, ज्वारी, कांदा-लसूण यांच्यातून जितकं ब्युटिरेट मिळतं तितकं भुसीतून मिळत नाही. कॅन्सरच्या बाबतीत तर इसबगोलची थेट चाचणीच झाली आहे. ज्यांच्या आतड्याच्या अस्तरावरच्या पॉलिप नावाच्या गाठी काढल्या होत्या अशा ६६५ रुग्णांना तीन गटांत विभागून कॅल्शियम, रोज साडेतीन ग्रॅम इसबगोलची भुसी किंवा निष्क्रिय पूड तीन वर्षं देण्यात आली. निष्कर्ष २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. इसबगोल घेणाऱ्यांत नव्या गाठी कमी झाल्या नाहीत, थोड्या जास्तच दिसल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेल्या गव्हाच्या कोंड्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तिथेही रोज साडेतेरा ग्रॅम कोंड्याचा चोथा घेऊन नव्या गाठी थांबल्या नाहीत.

याचा अर्थ इसबगोलने कॅन्सर होतो असा काढू नये. चाचणी लहान होती, रुग्ण आधीच गाठी झालेले होते आणि तीन वर्षांचा काळ या आजारासाठी थोडा आहे. गाठीपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. पण चोथा वेगळा काढून चमच्याने घेतला की जेवणातल्या धान्य-डाळींचाच फायदा मिळतो, हे गृहीतक यात टिकलं नाही. धान्याबरोबर फोलेट, मॅग्नेशियम, कोंड्यातली इतर द्रव्यं येतात आणि ताटातला मैदा, मटण, तळण यांची जागा आपोआप घटते. डब्यातून यातलं काहीच येत नाही.

बद्धकोष्ठासाठी घेत असाल तर रीत अशी. एका लहान चमच्यापासून सुरुवात करा आणि आठवड्याभराने दोनवर जा. दर वेळी किमान एक मोठा पेला पाणी, घट्ट होण्याआधी प्यायचं, वर आणखी अर्धा पेला. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे. ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते. गिळायला त्रास होणाऱ्या वयस्कर माणसांना आणि आतडं अरुंद झालेल्यांना देऊच नये. थायरॉइड, मधुमेह वा हृदयाच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी त्या चिकट गोळ्यात अडकते. संत्र्याच्या स्वादाच्या डब्यांत साखर किती हे वाचा. काहींत भुसीपेक्षा साखरच जास्त भरते. साधी, बिनस्वादाची भुसी घ्यावी.

आणि एक गोष्ट. बरीच वर्षं नियमित असलेला कोठा पन्नाशीत अचानक बदलला, तर इसबगोलने तो 'मार्गी लावण्या'च्या आधी डॉक्टरांना दाखवा.

बाकीचा माल, धावता

ओट्स अखंड धान्यच आहे, तेव्हा चांगलं. साधे, कमीत कमी प्रक्रिया केलेले घ्या. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ फार. पण ज्याच्या घरी ज्वारीची भाकरी होते त्याने ओट्ससाठी जीव टाकण्याचं कारण नाही.

सोनामुखी घातलेली चूर्णं आतड्याला चाबूक मारून काम करतात. अधूनमधून ठीक, पण रोज घेत राहिलं की मात्रा वाढत जाते आणि आतड्याचं अस्तर काळसर पडतं, ते आतड्यात घालायच्या दुर्बिणीतून (कोलोनोस्कोपीत) दिसतं. कॅन्सर टाळण्याशी त्यांचा संबंध नाही. कॅन्सर बरा करण्याचा दावा जाहिरातीत केला तर १९५४च्या 'मॅजिक रेमेडीज' कायद्याखाली तो गुन्हा ठरतो, म्हणून पाकिटावर 'आतड्यांची शुद्धी' असे गोलमोल शब्द असतात. आतडं आतून पाण्याने धुऊन देणाऱ्या 'कोलन डिटॉक्स' केंद्रांना तर शून्य गुण. फायद्याचा पुरावा नाही, क्षारांचं प्रमाण बिघडण्याचा आणि आतड्याला भोक पडण्याचा धोका मात्र आहे.

प्रोबायोटिकच्या बाटलीने आतड्याचा कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही आणि गोड बाटलीत साखर येते. घरचं दही खा, ते तरी दूध म्हणून मोजता येईल. कारण दुधाची बाजू खरंच बळकट आहे. कॅल्शियम आतड्यात पित्ताम्लांना आणि मुक्त स्निग्धाम्लांना बांधून ठेवतं, त्यामुळे ती अस्तराला डाचत नाहीत, असा त्यामागचा तर्क. ब्रिटनमधल्या पाच लाखांवर स्त्रियांच्या, २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या जास्तीच्या ३०० मिलिग्रॅम कॅल्शियममागे धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला. एवढं कॅल्शियम मोठ्या पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिली दुधात असतं. बिनसाखरेचं दूध किंवा दही रोज एक पेला, एवढी खरेदी पटण्यासारखी. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

वर सांगितलेले ३० ग्रॅम ताटात कसे बसतात ते एकदा पाहा, म्हणजे पाकिटांचा मोह आपोआप कमी होईल. दोन मध्यम ज्वारीच्या भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ: १० ग्रॅम. वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ, कोरडे मूग ३० ग्रॅम: ५ ग्रॅम. तुरीच्या ३० ग्रॅम डाळीचं वरण: पावणेतीन. मेथीची भाजी, १०० ग्रॅम पानं: ५ ग्रॅम. एक पेरू, १०० ग्रॅम: साडेआठ. झाले ३१. यात कुठलीच 'सुपरफूड' नावाची वस्तू नाही. हेच ताट पांढरा भात, बटाट्याची भाजी आणि ब्रेडचं केलं की बेरीज दहा-बाराच्या पुढे सरकत नाही.

थंड कपाट आणि रविवारचं मटण

सुपरमार्केटच्या शीतकपाटात सॉसेज, सलामी, हॅम, बेकन असतात. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या, म्हणजे 'माणसात कॅन्सर करतं हे पक्कं' अशा गटात टाकलं. याच गटात तंबाखू आहे, त्यावरून 'सॉसेज सिगारेटइतकं घातक' अशा बातम्या झाल्या. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. आकार असा: रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. पाकिटावर आयएनएस २५० दिसलं तर तो सोडियम नायट्राइट. त्यापासून आणि मांसातल्या लोहयुक्त हीमपासून आतड्यात नायट्रोसो संयुगं तयार होतात, ती पेशींच्या डीएनएला इजा करतात.

गोव्याचे चोरीस या व्याख्येत बसतात का, हा प्रश्न गोमंतकीयांना पडणारच. बसतात. डुकराचं मांस खारवून, व्हिनेगर-मसाल्यात मुरवून, सुकवून किंवा धुरी देऊन ते बनतं, आणि खारवणं, मुरवणं, धुरी देणं यालाच 'प्रक्रिया' म्हणतात. घरगुती आहेत म्हणून सूट नाही. सणासुदीला चोरीस-पाव खाणाऱ्याने घाबरू नये. रोज नाश्त्याला चिकन सॉसेज देणाऱ्या पालकांनी मात्र पाकिटाच्या मागे बघावं. कोंबडीचं मांस असलं तरी खारवून नायट्राइट घातलं की ते प्रक्रिया केलेलंच.

मटणाचं काय? बोकडाचं मांस लाल मांसात मोडतं. मर्यादा आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम; कच्चं धरलं तर वरची मर्यादा पाऊण किलोच्या आसपास. चार जणांच्या घरात रविवारी किलोभर मटण आणलं तर हाडांसकट प्रत्येकी पाव किलो येतं. मर्यादेच्या बरंच आत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर संशय घेण्याचं कारण नाही. आठवड्यात चार वेळा मटण-बीफ होत असेल तर त्यातले दोन-तीन वार मासळीला, कोंबडीला किंवा उसळीला द्यावेत. निखाऱ्यावर काळंठिक्कर पडलेलं कबाब चवीला कितीही लागलं तरी तो काळा भाग काढून टाकलेला बरा.

दारूचं गणित लोक टाळतात, म्हणून तेही इथेच. रोज ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलपासून पुढे धोका नक्की वाढतो, आणि त्याखालीही तो शून्य नाही. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली 'स्मॉल'मध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, 'लार्ज'मध्ये २०. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर एकटीच ४० ग्रॅमवर जाते. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हे मोजून पाहावं. सिगारेट-बिडीही या कॅन्सरच्या कारणांत आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं.

आणि जी गोष्ट दुकानात मिळतच नाही ती 'पक्क्या' यादीत सर्वात वर आहे: हालचाल. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं झपझप चालणं, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८०च्या आत ठेवायची. मोजायला शिंप्याची टेप पुरते.

मलतपासणीचं किट

या सगळ्या मालात ज्या प्रकारच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू खरोखर कमी झाल्याचं चाचण्यांतून दिसलं, अशी वस्तू ही एकच, आणि महाराष्ट्रात ती कुणी मागत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात दरवर्षी मलातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा १३ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले, असं १९९३मध्ये जाहीर झालं. ती जुनी रासायनिक तपासणी होती. आताची इम्युनोकेमिकल तपासणी, म्हणजे 'फिट', तिच्याहून सरस आहे.

फरक असा. जुनी तपासणी कुठल्याही रक्ताला, अगदी खाल्लेल्या मटणातल्या रक्तालाही, रंग दाखवते. मुळा-सलगमनेही ती फसते आणि 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खरं रक्त असूनही नकार देते. म्हणून आधी तीन दिवस पथ्य आणि एकाहून अधिक नमुने लागतात. 'फिट' फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला ओळखते, पथ्य नाही, बहुधा एक नमुना पुरतो. लॅबमध्ये नुसतं 'स्टूल ऑकल्ट ब्लड' मागितलं तर अनेकदा जुनीच तपासणी होते. 'इम्युनोकेमिकल आहे का, आणि निकाल आकड्यात मिळेल का' हे फोनवरच विचारून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या रेघ उमटणाऱ्या पट्ट्या दुय्यम. किती रक्ताला रेघ उमटते हे ब्रँडागणिक बदलतं.

नमुना घेताना चुका होतात त्या इथे. बाटलीच्या झाकणालाच एक काडी असते, तिच्या टोकाला बारीक खाचा. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर जुनं वर्तमानपत्र किंवा टाकाऊ डबा ठेवा. मल पाण्याला लागला की नमुना बाद. काडी मलाच्या पृष्ठभागावर चार-सहा ठिकाणी ओढा. खाचा भरल्या की बास. गोळा उचलून बाटलीत कोंबला की जास्त रक्त मोजलं जातं किंवा यंत्र नमुना नाकारतं. काडी बाटलीत घालून टक् आवाज येईपर्यंत दाबा, पुन्हा उघडू नका, तारीख लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. नागपूर-अकोल्याच्या मेमधल्या उन्हात बाटली गाडीत राहिली तर हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि रक्त असूनही निकाल 'नाही' येतो. पोचवायला उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नका.

मर्यादाही सांगायला हवी. एका वेळच्या तपासणीत पाचपैकी साधारण चार कॅन्सर सापडतात, एक निसटतो. गाठी तर बऱ्याच निसटतात. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी परत करायची. अमेरिकेत तपासणी पंचेचाळिशीपासून सुचवतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना सरकार दर दोन वर्षांनी हे किट टपालाने घरी पाठवतं, फुकट. तिथे दक्षिण आशियाई लोकांत ते परत पाठवण्याचं प्रमाण कमी आहे. लंडन-लेस्टरमधल्या मराठी घरांत ते पाकीट टपालाच्या ढिगात पडून असेल तर आजच काढावं. भारताच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. तेव्हा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर आपणच डॉक्टरांकडे विषय काढायचा. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर किटवर थांबू नये. चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा थेट दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारावं.

निकाल 'रक्त आहे' असा आला तर पुन्हा तीच तपासणी करून 'आता नाही' आलं म्हणून गप्प बसणं ही सर्वात महागडी चूक. बहुतेकांना कॅन्सर नसतो. मूळव्याध असते, गाठ असते, कधी काहीच नसतं. पण ते दुर्बीण घातल्याशिवाय कळत नाही, आणि गाठ दिसली तर बहुधा तिथेच काढून टाकतात. ज्यांना डोळ्यांना रक्त दिसतं आहे, कारण नसताना वजन उतरलं आहे, कोठा महिनाभर बिघडला आहे किंवा हिमोग्लोबिन घसरलं आहे, त्यांनी घरच्या घरी किट करून मनाची समजूत घालू नये. मूळव्याधीच्या नावाखाली मलमावर काढलेले सहा महिने या आजारात फार भारी पडतात.

दुर्बिणीच्या तयारीत या सगळ्या परीक्षेतला माल उलटा पडतो, हेही आधीच माहीत असू द्या. दोन-तीन दिवस भाकरी, उसळी, पालेभाज्या, पेरू, तीळ, टोमॅटोच्या बिया सगळं बंद. पांढरा भात, मऊ खिचडी, ताक चालतं. इसबगोल आणि लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरच ठरवतील. आतडं धुणारी पूड दोन लिटर पाण्यात घोळून, निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी पहाटे प्यायची असते. थंड केली आणि स्ट्रॉने प्यायली की जाते. शेवटचा शौच फिकट पिवळ्या पाण्यासारखा झाला नाही तर दुर्बिणीला बारीक गाठी दिसत नाहीत, आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.